काट मारलेला राजा

सोमवारी सकाळी प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी बांधताना सत्यजितला बाकरवडीचा वास आला. वास अगदी पुसट होता, पण जपानात, त्सुकुबातल्या त्या प्रयोगशाळेत, जिथे एरवी अल्कोहोलचा आणि तापलेल्या वायरचा वास असायचा, तिथे तो कुणाच्या घरात शिरावं तसा अंगावर आला. कचऱ्याची पाळी सगळ्यांना होती. गटप्रमुख झाल्यावरही त्याने ती मुद्दाम सोडली नव्हती. लोकांना बरं वाटतं असा त्याचा समज होता. पिशवी नियमाप्रमाणे पारदर्शक होती. आत छोटी छोटी पाकिटं होती, धुऊन, वाळवून, चपटी करून टाकलेली, आणि त्यांच्यावर देवनागरी अक्षरं होती. तेल असं धुऊन जात नाही. त्याने पिशवी उजेडाकडे धरली. जवळजवळ प्रत्येक टेबलामागे एक पाकीट असावं. ह्या खोलीत देवनागरी वाचता येणारी माणसं दोनच होऊन गेली होती. एक तो स्वतः, आणि दुसरी कादंबरी. ती चार वर्षांनी गटात परत येत होती, आज संध्याकाळी नारिता विमानतळावर उतरणार होती. तिला आणायला तो जाणार होता.

तो खुर्चीवर बसला आणि सवयीने विचार करू लागला, म्हणजे आधी काय नक्की माहीत आहे ते वेगळं काढू लागला. शनिवार-रविवार प्रयोगशाळा बंद होती. गुरुवार-शुक्रवार तो क्योतोला होता, जुन्या धातूंवरच्या परिषदेला. बुधवारी कचरा गेला होता. म्हणजे पाकिटं गुरुवारची किंवा शुक्रवारची. कुणीही गावाला जाऊन आलं की प्रत्येकाच्या टेबलावर खाऊचं एकेक पाकीट ठेवायचं, गैरहजर असेल त्याच्याही, ही इथली रीत. त्याच्या टेबलावर काही नव्हतं. त्याने कीबोर्ड उचलून पाहिला, मग स्वतःचीच लाज वाटून खाली ठेवला. कादंबरी रीत विसरणारी बाई नव्हती. त्याला ही रीत तिनेच शिकवली होती. तेव्हा तो नवा होता आणि साताऱ्याचे कंदी पेढे फक्त सेन्सेईंना, म्हणजे तेव्हाच्या गटप्रमुखांना, देऊन मोकळा झाला होता. “अरे, इथे देव एक नसतो,” ती म्हणाली होती, “सगळ्या टेबलांना नैवेद्य दाखवायचा.”

हासेगावा-सान, गटाच्या सेक्रेटरी, नऊला आल्या. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “गेल्या आठवड्यात कुणी येऊन गेलं का?”

त्यांनी दातांमधून हवा आत ओढली. हा आवाज त्याला बारा वर्षांत चांगला ओळखीचा झाला होता. “हो, जरा भेटायला म्हणून. कादंबरी-सान. तुम्ही नव्हता, त्यांना फार वाईट वाटलं.” एवढं बोलून त्या स्क्रीनकडे वळल्या, आणि स्क्रीन अजून सुरूच झाला नव्हता.

म्हणजे ती एकेकाला भेटली होती. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं असलं की इथले माळी काही महिने आधीपासून त्याच्या मुळांभोवती थोडंथोडं खणत राहतात, म्हणजे उपटायच्या दिवशी झाडाला धक्का बसत नाही. कचेरीतल्या कामालाही ते तोच शब्द वापरतात, नेमावाशी. कुठलाही निर्णय बैठकीत होत नाही. बैठकीच्या आधी प्रत्येकाकडे जायचं, स्टूल ओढून बसायचं, हळू आवाजात मत विचारायचं. बैठक म्हणजे नंतरचा नमस्कार. सगळ्यांकडे जातात आणि एकाकडे जात नाहीत, तेव्हा ते झाड कोण हे त्याने ओळखायचं असतं. उद्या दुपारी बैठक होती. पुढल्या एप्रिलपासून गटप्रमुख कोण, हे वर कळवायचं होतं. त्याची मुदत वाढवायची, एवढाच विषय कागदावर होता.

समोरच्या फोममधल्या खाचांत नाणी बसवलेली होती. इंग्लंडातल्या एका संग्रहालयाने ती चांदी तपासायला पाठवली होती, बाराव्या शतकातली, स्टीफन नावाच्या राजाची. नखासारखी पातळ. नाण्याला धक्का न लावता क्ष-किरण टाकून त्यात काय काय आहे ते सांगायचं, हे गटाचं काम. पहिल्या दिवशी त्याने एक नाणं भिंगाखाली धरलं आणि त्याला वाटलं, कुणीतरी राजाच्या तोंडावर खिळ्याने ओरखडा काढलाय. मग दुसऱ्यावरही तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच कोनात. काट नाण्यावर मारलेली नव्हती. ती ठशावरच मारली होती, नाणं पाडायच्या आधी. म्हणजे टांकसाळीतल्या कुणीतरी राजाचा चेहरा एकदाच खोडला, आणि त्यानंतर निघालेला प्रत्येक राजा खोडलेलाच जन्माला आला. चांदी मात्र चोख निघाली. बाजारात त्या नाण्याला धान्य मिळत असणार, मीठ मिळत असणार. राजा चालत होता, फक्त तो कुणाला मान्य नव्हता. का खोडला, हे जाणकारांनाही नक्की ठाऊक नाही, असं संग्रहालयाच्या बाईंनी कळवलं होतं. तेव्हापासून सत्यजित त्या राजाविषयी मिळेल ते वाचत होता. सोनल, त्याची बायको, म्हणायची, “तुझा तो नॉर्मन राजा आपल्यात तिसरा जेवायला बसतो हल्ली.”

तो राजा नॉर्मन घराण्यातला शेवटचा. त्याच्या मामाला, म्हणजे आधीच्या राजाला, मुलगा उरला नव्हता, मुलगी होती, मटिल्डा. मामाने भर दरबारात सगळ्या सरदारांकडून शपथ घेतली की माझ्यामागे हिलाच मानाल. शपथ आधी कोणी घ्यायची यावरून दोघा सरदारांत मानापमान झाला आणि त्यातला एक स्टीफन होता. पुढे मामा वैद्यांनी नको म्हटलेले मासे खाऊन मेला. मटिल्डा समुद्रापलीकडे, पुन्हा दिवस राहिलेली. स्टीफनने होडी काढली, खाडी ओलांडली, खजिना ताब्यात घेतला आणि महिना उलटायच्या आत मुकुट डोक्यावर ठेवला. सत्यजितने हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तो वाफाळलेल्या चहाकडे बघत बसला होता. कुठल्याही दोन बिंदूंतून रेघ काढता येते, तिला काही अर्थ नसतो, असं त्याने स्वतःला बजावलं. मग तिसरा बिंदू आठवला, त्यांच्याच गटातली ती मेजवानी.

मोरिता-सेन्सेईंनी आपल्या शेवटच्या वर्षअखेरच्या मेजवानीत पेला उंचावला होता. माझ्यानंतर कादंबरी-सान, ते म्हणाले होते, आणि सगळ्यांनी पेले उचलले होते. सत्यजितने सगळ्यात आधी. गटातल्या ज्येष्ठ इशिई-सानांचा पेला त्याच्या आधी वर जातोय असं दिसल्यावर त्याने आपला इतक्या झटक्यात उचलला की बियर मनगटावरून बाहीत गेली, आणि कादंबरी हसून म्हणाली, “सत्या, शपथ घे, आंघोळ नको.” पुढच्या फेब्रुवारीत सेन्सेई टेनिस खेळताना गेले. कादंबरी तेव्हा पुण्यात, माहेरी, बाळंतपणाला. आणि मग ती बैठक. सगळे माना खाली घालून बसलेले, खिडकीबाहेर झेल्कोव्हाच्या झाडाच्या फांद्या, आणि तो उभा राहिला. काम थांबता कामा नये, वर्षभर तरी कुणीतरी बघायला हवं, कुणाची हरकत नसेल तर मी बघतो. कुणाची हरकत आहे का? कुणी बोललं नाही. ती शांतता त्याला अजून आठवत होती, तिचा पोत आठवत होता, घट्ट, थंड, गुळगुळीत. ह्या लोकांचं हो असंच असतं, असं त्याने तेव्हा ठरवलं. एका वर्षाची दोन झाली, दोनाची चार. दर वर्षी तो विचारी, दर वर्षी कुणी बोलत नसे.

का केलं ते, असं सोनलने एकदाच विचारलं होतं आणि त्याने वडिलांचं नाव सांगितलं होतं. भानुदासराव कऱ्हाडजवळच्या एका शाळेत प्रभारी मुख्याध्यापक होते. सेवाज्येष्ठतेवरून कुणीतरी कोर्टात गेलं होतं आणि निकाल लागेना, म्हणून निवृत्त होईपर्यंत प्रभारीच. मुख्याध्यापकांची गादीची खुर्ची टेबलामागे रिकामी असे, आणि बाबा टेबलाच्या बाजूला, पाहुण्यांच्या लाकडी खुर्चीत बसून सह्या करत. शिपाई रोज ती रिकामी खुर्ची पुसायचा. सत्यजित शाळा सुटल्यावर तिथे जाई, आणि त्याला त्या खुर्चीत बसून एक गिरकी घ्यायची फार इच्छा होई. “बस की, त्यात काय,” शिपाई म्हणे. बाबा मान वर न करता म्हणत, “नको. ती आपली नाही.” त्यांच्या आवाजात दुःखसुद्धा नसे. त्याचाच त्याला राग येई. तो अजूनही येतो. मोरिता-सेन्सेईंच्या खुर्चीत तो पहिल्याच दिवशी बसला होता, आणि ती थोडी कुरकुरते, डावीकडे झुकते, हे कळल्यावर त्याने ती दुरुस्त करून घेतली नव्हती.

दहाच्या सुमारास तो इशिई-सानांकडे गेला. ते गटातले सर्वांत जुने, सेन्सेईंच्या वेळचे, डिटेक्टरच्या खिडकीवरची धूळ फुंकणीने उडवत होते. सत्यजितला बसायला स्टूल शोधावं असं वाटलं, पण चार वर्षांत कधी न केलेली गोष्ट आज केली तर ती फारच उघडी दिसेल म्हणून तो उभाच राहिला. “उद्याच्या बैठकीबद्दल तुमचं काय मत?” इशिई-सानांनी फुंकणी खाली ठेवली, डोकं एका बाजूला कलतं केलं. “अवघड आहे, नाही का,” ते म्हणाले, जणू दोघं मिळून एखादं तिसऱ्याचंच दुखणं बघत होते. मग त्यांनी अत्यंत आदराने मान लववली आणि तो परत येऊन कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसला. त्याला मोजणी सुरू करायची होती. त्याने काट मारलेलं एक नाणं चिमट्याने उचललं, किरणांच्या वाटेत ठेवलं, आणि पडद्यावर चांदीचा सुळका वर चढू लागला, नेहमीसारखा, स्वच्छ, निःशंक.

कादंबरीला त्याने मेसेज केला. नारिताला येऊ, की तू आहेस तिथे येऊ? उत्तर लगेच आलं. बारा वाजता, दोहो पार्कातलं तळं.

ती बाकावर बसली होती. जरा जाड झाली होती, केस आखूड. तळ्यावर बदकं होती आणि एक म्हातारा मोठ्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढत होता. “बस,” ती म्हणाली, “आणि चेहरा नीट कर आधी. मी खून केलेला नाही.”

“विमान आज संध्याकाळचं होतं.”

“होतं. तिकीट बदललं. टोकियोत एदोगावाला, मैत्रिणीकडे, राधिकाकडे उतरले, लेकाला पण तिथेच ठेवलंय.” तिने पिशवीतून डबा काढला. “थालीपीठ खाणार? राधिकाने दिलंय. तुझ्यासाठी बाकरवडीचा पुडा पण आहे, तो टेबलावर टाकून जाणं बरं दिसलं नसतं. हातात द्यायचा होता.”

“सगळ्यांना भेटलीस.”

“भेटले. तू कधी भेटला होतास?”

“मी बैठकीत विचारलं होतं, कादंबरी. दर वर्षी विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग असता तर त्याला आवडलं असतं. “बैठकीत नाही कोण म्हणतं इथे? सत्या, बारा वर्षं झाली तुला. तुला जपानी माझ्यापेक्षा चांगलं येतं. इशिई-सान त्या दिवशी घरी जाऊन बायकोला काय म्हणाले माहितीये? आज प्रयोगशाळेत एक अपघात झाला, म्हणाले.”

अपघात. बदकं एकापाठोपाठ एक पाण्यात उतरली. त्याला चार वर्षं दिसू लागली, उलट्या क्रमाने, म्हणजे ह्या शब्दापासून त्या बैठकीपर्यंत. त्याने मंजूर केलेली वेळापत्रकं, जी कुणी मोडली नाहीत पण ज्यांच्या आधारे काम कधी झालंच नाही. त्याला कळवण्याआधीच झालेल्या खरेद्या. त्याने काहीतरी म्हटलं की मान लववून तेच काम निराळ्या तऱ्हेने होई आणि चांगलं होई. आकडे चोख येत होते. लेख छापून येत होते. अपघात झाल्यावर लोक जसे रस्त्याच्या कडेकडेने, एकमेकांना वाट देत, गाड्या चालू ठेवतात, तसं ते सगळं चाललं होतं, आणि रस्त्याच्या मधोमध तो उभा होता, आपण वाहतूक सांभाळतोय अशा समजुतीत.

“तुला इथे परत आणायच्या निमंत्रणावर सही माझी आहे,” तो म्हणाला.

“माहितीये. म्हणूनच तर मी तुझ्याशी बोलतेय. दुसरा कुणी असता तर केली नसती सही. का केलीस?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. मटिल्डा सैन्य घेऊन उतरली आणि एका किल्ल्यात अडकली, तेव्हा स्टीफनने तिला पकडायचं सोडून सोबत देऊन तिच्या भावाच्या गडावर सुखरूप पोचवलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं देश जळत राहिला. सगळे इतिहासकार त्या ठिकाणी थांबतात आणि म्हणतात, हे त्याने का केलं असेल. बाई माणूस म्हणून, नात्यातली म्हणून, भोळेपणा म्हणून. सत्यजितला वाटायचं, त्या माणसाला एकदा तरी आपण खरे राजे आहोत असं वागून बघायचं असेल. खरा राजाच असं सोडून देऊ शकतो.

“आता ऐक,” कादंबरी म्हणाली. “मार्चपर्यंत तूच. कुणी काही बोलणार नाही. उद्या माझं नाव तू मांड.”

“मी?”

“तूच. म्हणजे कुणाची मान खाली जाणार नाही.”

“नाही मांडलं तर?”

“तर इशिई-सान मांडतील. ते रात्रभर झोपणार नाहीत बिचारे, पण मांडतील.” तिने थालीपिठाचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. “त्यांना तू आवडतोस रे. सगळ्यांनाच आवडतोस. मला प्रत्येकाने हे सांगितलं. त्यांना फक्त तू नको आहेस.”

त्याने तुकडा खाल्ला. लसूण जास्त होता.

संध्याकाळी सोनल टोकियोतल्या तिच्या कचेरीतून, तोयोसूहून, आली. गाडीला गर्दी होती, तिचा कोट एका खांद्यावरून घसरला होता. तिने सगळं ऐकलं, ऐकता ऐकता तांदूळ धुतले. “मग लढणार आहेस?” तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. स्टीफन लढला होता, हे त्याच्या मनात आलं. लिंकन गावच्या लढाईत सगळे पळाले तरी तो कुऱ्हाड मोडेपर्यंत उभा होता, आणि मग त्याला साखळदंडात घालून नेलं. त्याची बायको सैन्य घेऊन गेली, तिने त्याला सोडवून आणलं, त्याने परत मुकुट घातला, आणि परत सगळं तसंच. “संचालकांकडे जाता येईल,” तो म्हणाला. “आकडे माझ्या बाजूचे आहेत.”

“आकडे आहेत,” सोनल म्हणाली. “माणूस कुठला आहे सांग. एक.”

तो आठवू लागला. प्रामाणिकपणे, टेबलामागून टेबल. कुकर चढला.

“सुटलास म्हण की,” ती हलकेच म्हणाली. “चार वर्षं तू घरात असलास तरी कुठल्या तरी दारावर पहाऱ्याला उभा होतास. एप्रिलपासून आपण एदोगावाला जागा बघू. माझं येणंजाणं वाचेल.”

“आणि मी?”

तिने कुकरखालची आच कमी केली. गटप्रमुखाच्या मुदतीबरोबर त्याचा संस्थेशी करारही मार्चअखेर संपत होता, त्याच्या व्हिसावर संस्थेचं नाव होतं, ते जाऊन तिचं येणार होतं, हे दोघांनाही माहीत होतं. ती जपानला आली तेव्हा तिच्या व्हिसावर त्याचं नाव होतं आणि तिने दोन वर्षं घरात बसून जपानी शिकून नोकरी मिळवली होती. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, “आणि मी?” असं तिनेही म्हटलं नव्हतं. त्याला हे आत्ता सुचलं, आणि आत्ता सुचण्याला काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उभा राहिला. तीच खोली, खिडकीबाहेर त्याच निष्पर्ण फांद्या. कादंबरी टोकाला बसली होती, पाहुण्यांच्या खुर्चीत. बोलायच्या आधीच्या क्षणी त्याला वाटलं, अजून काही ठरलेलं नाही. तोंडातून कुठलंही वाक्य निघू शकतं. स्टीफनने शेवटी आपल्या मुलाचा राज्याभिषेक करायला सांगितलं तेव्हा धर्मगुरूंनी नकार दिला होता, मग तो मुलगा मेला, आणि मग त्याने मटिल्डाच्याच मुलाला आपला मुलगा म्हणून, वारस म्हणून जाहीर केलं. ते वाक्य उच्चारताना त्याच्या तोंडाची चव कशी झाली असेल, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सत्यजितला ती कळली. काहीच चव नव्हती. “पुढच्या एप्रिलपासून ही जबाबदारी कादंबरी-सानांकडे द्यावी, असं मी सुचवतो,” तो म्हणाला, “सेन्सेईंचीही तीच इच्छा होती. कुणाची हरकत आहे का?”

सवयीने तो शांततेसाठी थांबला. पण ती आलीच नाही. “हाय,” इशिई-सान म्हणाले, म्हणजे हो, मोठ्याने, छातीतून. मग दुसरा, मग तिसरा. हासेगावा-सानसुद्धा, ज्यांना मताचा अधिकार नव्हता. टेबलाभोवती तो आवाज एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहिला आणि सत्यजित प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहिला, ह्या माणसांना आवाज आहेत हे जणू त्याला पहिल्यांदाच कळत होतं. असं असतं तर ह्यांचं हो. ते किती साधं होतं. एखाद्या मुलालाही ओळखू आलं असतं. कादंबरीने वाकून नमस्कार केला, सगळ्यांनी केला, त्यानेही केला. वाकलेला असताना त्याला आपले बूट दिसले, आणि बाजूला दुसऱ्यांचे बूट, सगळे एका ओळीत, आणि तो जरा जास्तच वेळ तसा राहिला.

मटिल्डाच्या मुलाशी झालेल्या त्या तहानंतर स्टीफन वर्षभर जगला. त्या वर्षात तो राज्यभर हिंडला, लोक वेशीवर येऊन त्याचं स्वागत करत, कुणी दरवाजे लावून घेत नसे. त्या काळच्या एकाने लिहून ठेवलंय की जणू तेव्हाच तो राजा झाला. हे वाक्य सत्यजितने आधी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा ते सांत्वनाचं आहे असं त्याला वाटलं होतं. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत सकाळी सगळे त्याच्याकडे पाहून हसले. आदल्या वर्षी अडकलेलं एक वेळापत्रक कुणीतरी त्याला विचारून, त्याने सांगितलं तसंच्या तसं लावलं. हासेगावा-सानांनी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि हवापाण्याबद्दल चार वाक्यं जास्त बोलल्या. त्याने सुचवलेली नाण्यांची मोजणी दोघांनी आपणहून पुन्हा केली, आणि आकडे घेऊन ते त्याच्याकडे आले, आनंदाने. आता कुणाला त्याची भीती उरली नव्हती. तो उठून खिडकीपाशी गेला तरी मागे कुणाचं बोलणं थांबत नव्हतं.

शुक्रवारी जेवणानंतर इशिई-सान त्याच्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात स्टूल होतं. ते त्यांनी अगदी जवळ ठेवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं, आणि बसले. आवाज खाली आणला.

“सत्यजित-सान, एक मिनिट आहे? बैठकीत काढण्याआधी तुमचं मत घ्यावं म्हटलं.”

बारा वर्षांत असं कुणी त्याच्याजवळ बसलं नव्हतं. त्या माणसाच्या कपड्यांना साबणाचा वास येत होता. त्याच्या पापण्यांत पांढरे केस होते. सत्यजितच्या आत काहीतरी, त्याची परवानगी न घेता, उबदार झालं. “बोला ना,” तो म्हणाला.

“तुमच्या निरोपाच्या जेवणाचं,” इशिई-सान म्हणाले. “मार्चचा शेवटचा शुक्रवार की त्याच्या आधीचा? मी अजून कुणाला विचारलेलं नाही. आधी तुमच्याकडे आलो.”

सत्यजितने विचार केला. खरोखर केला, कारण समोरचा माणूस खरोखर थांबला होता. शेवटच्या आठवड्यात वर्षाचे हिशेब असतात, काहींची बदली असते, घर बदलणाऱ्यांचे टेम्पो मिळत नाहीत.

“आधीचा बरा,” तो म्हणाला. “शेवटी सगळ्यांचीच धावपळ असते.”

“मलाही तेच वाटत होतं,” इशिई-सान म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की सत्यजितने नजर वळवली. त्यांनी मान लववली, स्टूल उचललं, आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.